वाचक विचारतात : गंधक, पाणी आणि हायड्रोजन

पाण्याच्या विद्युत अपघटनावर (विजेनं पाणी फोडून हायड्रोजन काढण्यावर) मागच्या अंकात जो लेख होता, त्यात एक ओझरतं वाक्य होतं : ॲनोडला सल्फर डायऑक्साइड दिला, तर हायड्रोजनसाठी लागणारी वीज निम्म्याहून खाली येते. कळव्यापासून तळोज्यापर्यंतच्या वाचकांनी नेमकं तेच वाक्य धरलं. त्यातले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरांत ‘युनिट’ म्हणजे वीजबिलातलंच युनिट, एक किलोवॉट-तास.

प्रश्न : नुसत्या पाण्यात दोन ग्रॅफाइटच्या कांड्या बुडवून ९ व्होल्टची बॅटरी जोडली, तर बुडबुडे जेमतेम दिसतात. सरांनी पातळ सल्फ्युरिक ॲसिड टाकल्यावर भराभर आले. गंधकाच्या मदतीनं होणारं अपघटन ते हेच का? — अकरावीची विद्यार्थिनी, कळवा

नाही. पण हा गोंधळ तुझ्या एकटीचा नाही, मोठमोठ्यांचा होतो. तू टाकलेलं ॲसिड फक्त विजेला वाट करून देतं. ते खर्च होत नाही. खर्च होतं पाणी. चार तासांनी भांड्यातलं ॲसिड मोजलंस तर जेवढं टाकलं होतं तेवढंच भरेल, फक्त पाणी आटल्यामुळे थोडं तीव्र झालेलं असेल. एका कांडीवर हायड्रोजन, दुसरीवर ऑक्सिजन हाच हिशोब राहतो, आणि त्यासाठी २५ अंश तापमानाला किमान १.२३ व्होल्ट लागतातच. ॲसिडनं तो आकडा हलत नाही.

आकडा हलवायचा असेल तर ॲनोडवर काय घडतं तेच बदलावं लागतं. तिथे पाण्यातून ऑक्सिजन ओढून काढणं हे सगळ्यात जड काम आहे. त्याऐवजी ऑक्सिजनला हपापलेला एखादा पदार्थ तिथे ठेवला, तर ऑक्सिजन वायू सुटतच नाही; तो पदार्थच त्याला पकडतो. सल्फर डायऑक्साइड हा तसा पदार्थ. तो ऑक्सिजन घेऊन सल्फ्युरिक ॲसिड होतो, आणि समोर कॅथोडवर हायड्रोजन नेहमीसारखा सुटतो.

प्रयोगच करायचा तर सरांसमोर सोडियम सल्फाइटवर कर. बॉयलरच्या पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मारायला कारखान्यात वापरतात तेच. १०० मिली पाण्यात साडेबारा ग्रॅम ताजं सल्फाइट विरघळव, १.५ व्होल्टचा एकच सेल जोड. ॲनोडवर बुडबुडे जवळजवळ दिसत नाहीत, कॅथोडवर दिसतात. उघड्या बरणीतलं जुनं सल्फाइट घेतलंस तर फसशील, कारण हवेनं त्याचं आधीच सल्फेट झालेलं असतं. आणि एक पक्कं लक्षात ठेव : सल्फाइटच्या द्रावणात ॲसिड टाकायचं नाही. टाकलं की सल्फर डायऑक्साइड वायू थेट नाकात येतो.

प्रश्न : प्रत्यक्षात किती व्होल्ट आणि किती युनिट वाचतात? पुस्तकातला आकडा नको, प्लँटमधला हवा. — रबाळे एमआयडीसीतले एक मेंटेनन्स इंजिनिअर

एक सूत्र पाठ करून टाका. एक किलो हायड्रोजनला २६,५९० अँपिअर-तास लागतात, मग पद्धत कुठलीही असो. म्हणून युनिट म्हणजे २६.६ गुणिले एका सेलचं व्होल्टेज. साधा इलेक्ट्रोलायझर १.९ व्होल्टवर चालत असेल तर साडेपन्नास युनिट. गंधकाच्या सेलची प्रमाण अवस्थेतली (पुस्तकात ठरवून दिलेल्या परिस्थितीतली) किमान गरज ०.१६ व्होल्ट, म्हणजे कागदावर सव्वाचार युनिट. हा कागदी आकडा दाखवून कोणी काही विकायला आलं तर चहा पाजून परत पाठवा.

०.१६ व्होल्ट हे प्रमाण अवस्थेत. सेलमध्ये ॲसिड ५० टक्क्यांच्या आसपास गेलं की ती किमान गरजच ०.३ कडे सरकते. त्यावर मेंब्रेनचा (ॲनोड आणि कॅथोडमधल्या पातळ पडद्याचा) रोध, आणि सगळ्यात मोठा वाटा ॲनोडवरच्या मंद प्रक्रियेचा. अमेरिकेतल्या सव्हाना रिव्हर नॅशनल लॅबोरेटरीनं दर चौरस सेंटिमीटरला अर्धा अँपिअर वाहत असताना ०.६ व्होल्ट हे उद्दिष्ट ठेवलं होतं. नॅफिऑन या प्रोटॉन जाऊ देणाऱ्या प्लास्टिकचं मेंब्रेन आणि ८० अंश तापमान धरलं तर ०.७ ते ०.८ व्होल्ट हा वास्तवातला पल्ला. ०.७५ धरा : वीस युनिट. साडेपन्नासच्या जागी वीस, ही बचत खरी आहे.

आता मेंटेनन्सवाल्याला कळेल अशी मेख. व्होल्ट कमी झाले, अँपिअर तेवढेच राहिले. म्हणजे बसबार, केबल, जोड यांची जाडी एका गुंजेनंही कमी होत नाही. उलट कमी व्होल्टेजवर जोडातली गळती जास्त बोचते : १.९ व्होल्टच्या सेलमध्ये ५० मिलिव्होल्ट वाया गेले तर कोणी विचारत नाही, ०.७५ च्या सेलमध्ये तेच जवळपास सात टक्के होतात. दुसरं, क्षेत्रफळ. दिवसाला १०० किलो हायड्रोजन हवा असेल तर सगळ्या सेल मिळून एक लाख दहा हजार अँपिअर हवेत. साधा पीईएम (म्हणजे प्रोटॉन जाऊ देणाऱ्या मेंब्रेनच्या सेलचा) स्टॅक चौरस सेंटिमीटरला दोन अँपिअर घेतो, त्याला साडेपाच चौरस मीटर मेंब्रेन पुरतं. गंधकाच्या सेलला अर्ध्या अँपिअरच्या हिशोबानं बावीस. विजेत जे वाचलं त्यातलं काही प्लॅटिनम आणि मेंब्रेनमध्ये परत जातं. इरिडियम हा महागडा धातू मात्र लागत नाही, ही जमेची बाजू मोठी.

प्रश्न : आमचा ॲसिडचा व्यापार आहे. हायड्रोजनबरोबर सल्फ्युरिक फुकट मिळणार असेल तर आम्हाला रस आहे. किती निघेल, कोणत्या तीव्रतेचं? — एक वाचक, तळोजा

सगळ्या पत्रांत हाच प्रश्न सगळ्यात नेमका आहे, कारण या पद्धतीत मुख्य माल ॲसिड आहे आणि हायड्रोजन जोडमाल. एक किलो हायड्रोजनमागे १५.९ किलो गंधक जाळायचं, त्याचा ३१.८ किलो सल्फर डायऑक्साइड होतो, आणि सेलमधून ४८.६ किलो सल्फ्युरिक ॲसिड निघतं. हे शुद्ध ॲसिडचं वजन. दिवसाला १०० किलो हायड्रोजन, हा तसा छोटासाच प्लँट, तरी जवळपास ४.९ टन ॲसिड रोज.

पण ते ९८ टक्क्यांचं नाही. सेल ३० ते ५० टक्क्यांतच रमते. त्याच्यावर नेलं की तीन गोष्टी एकदम बिघडतात : सल्फर डायऑक्साइड कमी विरघळतो, मेंब्रेन पाण्याअभावी सुकून रोध वाढवतं, आणि किमान व्होल्टेज चढतं. म्हणजे ४.९ टनांच्या जागी टँकरमध्ये ५० टक्क्यांचं पावणेदहा टन. एवढं पाणी वाहून नेण्याचं भाडं कोण देणार, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

पाणी आटवायचं म्हटलं तर ५० वरून ९८ टक्क्यांपर्यंत जाताना हायड्रोजनच्या प्रत्येक किलोमागे सुमारे ४८ किलो पाणी उडवावं लागतं. नुसत्या बाष्पाच्या सुप्त उष्णतेचे तीस युनिट होतात, ॲसिडनं घट्ट धरलेलं पाणी सोडवायची उष्णता वेगळी. विजेतली बचत तीस युनिट होती, हे आठवत असेल. अर्थात वाफ विजेपेक्षा स्वस्त असते, आणि एकाच वाफेची उष्णता पुन्हा पुन्हा वापरणाऱ्या मल्टिपल इफेक्ट बाष्पकानं तो खर्च निम्म्यावर आणता येतो. तरीही ९८ टक्क्यांचा हट्ट धरणाऱ्याला हा धंदा परवडणार नाही. पातळ ॲसिडच लागणारं गिऱ्हाईक शेजारी असेल तरच गणित जुळतं : सिंगल सुपर फॉस्फेटचा कारखाना ६५-७० टक्क्यांचं वापरतो, पोलादाचं पिकलिंग (गंज काढणं) १०-१५ टक्क्यांचं, अमोनियम सल्फेटवाल्याला तर पाणी आटवायची सोय असतेच.

आणखी एक बाजू व्यापाऱ्याच्या लक्षात यावी. आजचा काँटॅक्ट पद्धतीचा ॲसिड प्लँट सल्फर डायऑक्साइडपासून ट्रायऑक्साइड करताना सुटणाऱ्या उष्णतेची वाफ करतो, ती टर्बाइनवर घालतो किंवा शेजाऱ्याला विकतो. सेलमध्ये तीच ऊर्जा हायड्रोजनमध्ये जाते. म्हणजे हायड्रोजन ‘फुकट’ नाही, त्याची किंमत हुकलेल्या वाफेत मोजलेली आहे. गंधक जाळतानाची वाफ मात्र दोन्हीकडे मिळते.

गिऱ्हाईक मिळालं नाही तर? चुन्यानं उदासीन करायचं तर ४८.६ किलो ॲसिडला २८ किलो कळीचा चुना लागतो आणि ८५ किलो जिप्सम पडतं, तेही कोरडं धरून. फिल्टर प्रेसमधून निघणारा ओला गाळ त्याहून बराच जड. एक किलो हायड्रोजनसाठी शंभर किलोवर गाळ ट्रकमध्ये भरणं हा उद्योग नव्हे.

गंधक जाळण्याबद्दल विचारलं नाहीत तरी सांगतो. हवेत गंधक जाळलं की भट्टीतून निघणाऱ्या वायूत सल्फर डायऑक्साइड १०-१२ टक्केच असतो, बाकी बहुतेक नायट्रोजन. शुद्ध वायू २० अंशाला १०० ग्रॅम पाण्यात ११ ग्रॅमच्या आसपास विरघळतो. दहा टक्क्यांच्या वायूतून त्याचा जेमतेम दशांश. इतक्या फिकट द्रावणावर सेल अर्धा अँपिअर देत नाही. म्हणून एकतर ऑक्सिजनमध्ये जाळा, नाहीतर दाब आणि थंडी देऊन वायू द्रवरूपात वेगळा करा. बहुतेक कागदी योजना इथेच गप्प असतात.

प्रश्न : सोसायटीच्या गच्चीवर सोलर आहे. गंधक वापरून स्वयंपाकापुरता हायड्रोजन करता येईल का? — वर्तकनगर, ठाणे

नाही. १४.२ किलोच्या एका गॅस सिलिंडरइतकी ऊर्जा हवी तर साडेपाच किलो हायड्रोजन लागेल आणि गच्चीवर २६५ किलो सल्फ्युरिक ॲसिड साठेल. सोलरवर इंडक्शनची शेगडी लावा.

प्रश्न : फायनल इयर प्रोजेक्टसाठी एकच सेल बांधायची आहे, २५ चौरस सेंटिमीटरची. भाग, साहित्य, प्रवाह आणि सुरू-बंद करायचा क्रम सांगाल का? — केमिकल इंजिनिअरिंगचे तीन विद्यार्थी, ऐरोली

फ्यूम हूड, प्राध्यापकांची लेखी परवानगी आणि गॅस डिटेक्टर या तिन्ही गोष्टी असतील तरच पुढे वाचा. सल्फर डायऑक्साइड १०० पीपीएमला (दहा लाखांत शंभर भाग) जिवावर बेततो. कामाच्या जागी अल्पकाळासाठीची मर्यादा पाव पीपीएम मानतात. तो हवेपेक्षा सव्वादोन पट जड, म्हणून त्याचा डिटेक्टर गुडघ्याच्या उंचीवर. हायड्रोजनचा मात्र छताजवळ. दोन्ही एकाच उंचीवर लावलेल्या प्रयोगशाळा पाहायला मिळतात. त्यांना एक डिटेक्टर शोभेचा.

आतून बाहेर असे थर लावा. मधोमध नॅफिऑन ११५ किंवा ११७. पहिलं १२७ मायक्रॉनचं, दुसरं १८३ च्या आसपास. पहिल्या सेलसाठी जाडच घ्या, कारण पुढच्या उत्तरात येईल. मेंब्रेन ८० अंशांवर एकेक तास, ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, मग डीआयोनाइज्ड (क्षार काढलेलं) पाणी, मग अर्धा मोलर सल्फ्युरिक, मग पुन्हा पाणी, असं धुवा. नळाचं पाणी कुठल्याही टप्प्यावर नको : त्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम मेंब्रेनमध्ये ठाण मांडतं. दोन्ही बाजूंना कार्बनवर बसवलेलं प्लॅटिनम, चौरस सेंटिमीटरला अर्धा ते एक मिलिग्रॅम. त्यावर कार्बन पेपर किंवा कार्बन कापड. त्याबाहेर खाचा पाडलेल्या ग्रॅफाइटच्या प्लेट, मग तांब्याची करंट प्लेट, मग इन्सुलेशन आणि एंड प्लेट.

पीईएम इलेक्ट्रोलायझरची टायटॅनियमची प्लेट उसनी मिळत असेल तरी घेऊ नका. तिथे ॲनोड १.८ व्होल्टवर असल्यामुळे टायटॅनियमवर ऑक्साइडचं कवच टिकतं. इथे व्होल्टेज कमी, वर सल्फर डायऑक्साइड क्षपणकारी. कवच टिकत नाही आणि गरम ॲसिड टायटॅनियम खातं. कार्बनचं बरोबर उलट : तिथे जळून जातो, इथे निवांत बसतो. ३१६ स्टीलच्या फिटिंगही गरम, ५० टक्के ॲसिडला पुरत नाहीत. नळ्या आणि फिटिंग टेफ्लॉन किंवा पीव्हीडीएफच्या, गॅस्केट टेफ्लॉन किंवा व्हायटॉनची.

चौरस सेंटिमीटरला २०० मिलिअँपिअरनं सुरुवात करा, म्हणजे एकूण ५ अँपिअर. तासाला ३० अंशांवर २.३ लिटर हायड्रोजन, ६ ग्रॅम सल्फर डायऑक्साइडचा खर्च, ९.१ ग्रॅम नवं ॲसिड. खर्चाइतकाच वायू सोडलात तर खाचेच्या शेवटच्या टोकाला उपासमार होते. अडीच-तीन पट सोडा, म्हणजे १५-१८ ग्रॅम, आणि उरलेला ॲनोलाइटच्या (ॲनोडकडच्या द्रावणाच्या) टाकीत परत फिरवा. ॲनोलाइट म्हणून ३० टक्के ॲसिडमध्ये विरघळवलेला वायू सोपा पडतो. वायू थेट ॲनोडला देऊन पाणी कॅथोडकडून मेंब्रेनमधून येऊ देण्याची पद्धतही आहे. साउथ कॅरोलायना विद्यापीठात तिच्यावर बरंच काम झालं. तिथे पाण्याचा समतोल राखणं विद्यार्थ्यांच्या हाती लवकर बसत नाही.

बाहेर जाणारी प्रत्येक नळी १० टक्के कॉस्टिक सोड्याच्या बाटलीतून जाऊ द्या. सेलला लागणारा सगळा वायू सुटला तरी तासाला साडेसात ग्रॅम कॉस्टिक खर्च होतं, म्हणजे एक लिटरची बाटली दिवसभर पुरावी. पण तिपटीनं सोडताय, तेव्हा चार तासांनी बदलायची असं धरून चाला. सिलिंडरमध्ये सल्फर डायऑक्साइड द्रव असतो; आपल्याकडच्या ३० अंशांत गेज साडेतीन-चार बार दाखवतो आणि शेवटच्या थेंबापर्यंत तेवढाच दाखवतो. किती उरलाय ते वजनकाट्यावरच कळतं. हा वायू पाण्यात झपाट्यानं विरघळतो, त्यामुळे झडप बंद करताच द्रावण नळीतून मागे ओढलं जातं आणि रेग्युलेटरमध्ये शिरतं. एकमार्गी झडप आणि मध्ये एक रिकामी बाटली, दोन्ही हवेत. पावसाळ्यात रेग्युलेटर उघडा ठेवलात तर दमट हवेनंच तो गंजेल.

सुरू करताना आधी नायट्रोजननं गळती तपासा, साबणाच्या फेसानं. मग दोन्ही बाजूंनी पाणी फिरवून मेंब्रेन भिजू द्या, तापमान वाढवा, ॲनोलाइट सोडा, आणि सगळ्यात शेवटी प्रवाह, तोही पायरीपायरीनं. वीजपुरवठ्यावर १ व्होल्टची मर्यादा बांधून ठेवा. पंप अडकून वायू संपला आणि प्रवाह चालूच राहिला, तर व्होल्टेज चढत जातं, कार्बन झिजायला लागतो आणि सेल मुकाट्यानं साधा इलेक्ट्रोलायझर बनते. बंद करताना क्रम उलटा : प्रवाह बंद, लगेच ॲनोलाइटच्या जागी पाणी, मग नायट्रोजन. ॲनोडमध्ये सल्फर डायऑक्साइड तसाच ठेवून घरी जाणं ही पहिल्या आठवड्यात सेल मारायची हमखास पद्धत आहे.

प्रश्न : आमच्या सेलचं व्होल्टेज ०.७२ वरून तीन दिवसांत ०.९ झालं. हायड्रोजनला सडक्या अंड्यांचा वास येतो, कॅथोडकडचं पाणी दुधाळ पिवळसर दिसतं. मेंब्रेन खराब आलं का? — एका खासगी प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ, महापे

मेंब्रेन खराब नसेलही. ते जसं असतं तसंच वागतंय. सल्फर डायऑक्साइडवर भार नसतो, त्यामुळे तो नॅफिऑनमधून पाण्याबरोबर सहज पलीकडे जातो. कॅथोडवर त्याला हायड्रोजन आणि प्लॅटिनम दोन्ही तयार मिळतात. तिथे त्याचं गंधक होतं, आणि पुढे हायड्रोजन सल्फाइड. पाण्याचा दुधाळपणा म्हणजे बारीक गंधक, वास म्हणजे सल्फाइड. खात्रीसाठी लेड ॲसिटेटचा ओला कागद वायूत धरा, काळा पडेल. वास गेला म्हणून निर्धास्त होऊ नका : हायड्रोजन सल्फाइड जास्त झाला की नाकच बधिर होतं.

व्होल्टेज का चढलं? गंधकाचा थर नेमका मेंब्रेन आणि कॅथोडच्या उत्प्रेरकामध्ये बसतो. गंधकातून ना वीज जात ना प्रोटॉन. थर जाड झाला की तो उत्प्रेरकाला मेंब्रेनपासून सोलून काढतो. इम्पीडन्स (बदलत्या विजेला होणारा रोध) मोजलात तर उच्च वारंवारतेचा रोध वाढलेला दिसेल. तो तसाच असून व्होल्टेज वाढलं असेल, तर दोष ॲनोडच्या उत्प्रेरकात किंवा वायूच्या पुरवठ्यात शोधा.

बसलेलं गंधक पाण्यानं धुतलं जात नाही. कार्बन डायसल्फाइडमध्ये विरघळतं हे खरं, पण इतका ज्वालाग्राही द्रव हायड्रोजनच्या उपकरणाजवळ आणण्याचा विचारही नको. हे मेंब्रेन गेलं समजा आणि पुढच्यासाठी घडी बसवा. कॅथोडकडचा दाब ॲनोडपेक्षा किंचित जास्त ठेवा, म्हणजे पाण्याचा ओघ उलट दिशेनं राहील. कॅथोडमधून पाणी सतत फिरतं ठेवा. ॲनोलाइटमध्ये गरजेपेक्षा जास्त वायू ठासू नका. आणि विचित्र वाटेल, पण प्रवाह कमी करून सेल ‘जपू’ नका. प्रवाह चांगला असला की सल्फर डायऑक्साइड मेंब्रेनपर्यंत पोहोचण्याआधीच ॲनोडवर खर्च होतो. कमी प्रवाहात तो रिकामा भटकतो. सव्हाना रिव्हरमध्येही हा थर अशाच, चालवण्याच्या अटी बदलून आटोक्यात आणला गेला. सल्फोनेटेड पॉलिबेन्झिमिडॅझोलची मेंब्रेन १०० अंशांच्या वर चालतात, व्होल्टेज उतरवतात. मिळाली तर पाहा.

असा हायड्रोजन फ्युएल सेलला थेट देऊ नका. त्या दर्जाच्या हायड्रोजनमध्ये एकूण गंधक ४ पीपीबीच्या वर चालत नाही, म्हणजे अब्जात चार भाग. आधी कॉस्टिक स्क्रबर, मग वाळवणं, मग गरम झिंक ऑक्साइडचा थर, एवढी साखळी लागते.

प्रश्न : ॲसिड विकायचं नसेल तर त्याचा पुन्हा सल्फर डायऑक्साइड करता येत नाही का? ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र (बीएआरसी) आहे, त्यांनी यात काही केलं आहे का? — निवृत्त शिक्षक, नौपाडा, ठाणे

करता येतो, आणि मूळ कल्पना तीच होती. वेस्टिंगहाउसनं १९७५ च्या सुमारास मांडलेलं हे चक्र हायब्रिड सल्फर या नावानं ओळखलं जातं. सेलमधून निघालेलं ॲसिड आटवायचं, तापवायचं. ४००-५०० अंशांच्या पुढे त्याचं पाणी आणि ट्रायऑक्साइड होतं, आणि ८०० ते ९०० अंशांत उत्प्रेरकावरून नेलं की ट्रायऑक्साइड फुटून डायऑक्साइड आणि ऑक्सिजन. डायऑक्साइड परत सेलला. गंधक फक्त फिरत राहतं, खर्च होतं ते पाणी. पण पाणी फोडायची एकूण ऊर्जा किलोमागे ३९.४ युनिटांच्या खाली कुठल्याच पद्धतीनं जात नाही. विजेचा वाटा कमी केला की उरलेला उष्णतेनं भरावा लागतो, आणि ती उष्णता ८५० अंशांची हवी.

अडचण तिथेच. तारापूरच्या अणुभट्ट्या (२०१४ पर्यंत त्या आपल्याच ठाणे जिल्ह्यात होत्या) ३०० अंशांच्या आसपास उष्णता देतात. त्यात हे ॲसिड उकळेलही धड नाही. त्यासाठी हेलियमनं थंड होणारी अतिउच्च तापमानाची अणुभट्टी हवी, किंवा आरशांनी एकवटलेलं ऊन. उकळतं सल्फ्युरिक बहुतेक धातू खातं, म्हणून ॲसिड फोडायची नळी सिलिकॉन कार्बाइडची करतात : एका टोकाला बंद, आत दुसरी नळी. गरम टोक आत, जोड सगळे थंड टोकाला, म्हणजे गॅस्केट वाचतं. या सगळ्या प्रकरणातली आम्हाला सगळ्यात आवडलेली कारागिरी ती.

बीएआरसीत काम झालं ते प्रामुख्यानं याच्या चुलतभावंडांवर, आयोडीन-सल्फर आणि कॉपर-क्लोरीन चक्रांवर. आयोडीन-सल्फर चक्र अमेरिकेतल्या जनरल ॲटॉमिक्सचं; त्यात सेल नाही, सगळं उष्णतेवर, पण ॲसिड फोडायचा टप्पा हाच. कॉपर-क्लोरीनला ५००-५५० अंश पुरतात; माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेनं (आयसीटी) ओएनजीसी एनर्जी सेंटरबरोबर त्यावर काम केलं आहे.

प्रश्न : माहूलच्या रिफायनऱ्यांत हायड्रोजन सल्फाइड निघतोच. त्यालाच विजेनं फोडलं तर हायड्रोजनही मिळेल आणि गंधकही. मग तसं का करत नाहीत? — तुर्भे

किमान व्होल्टेज ०.१७ च, म्हणजे कागदावर हेही गोड. पण ॲनोडवर जो गंधक तयार होतो तो ॲनोडलाच चिकटतो, आणि काही मिनिटांत प्रवाह बंद पडतो. उपाय म्हणून फेरिक क्षाराचं द्रावण मध्यस्थ ठेवतात : गंधक बाहेरच्या टाकीत पडतं, सेलमध्ये फक्त फेरसचं पुन्हा फेरिक करतात. चालतं, पण व्होल्टेज ०.८-१ कडे जातं आणि गंधक लोणकढ्या तुपासारखं स्वच्छ मिळत नाही. रिफायनरीत हायड्रोजन सल्फाइडपासून गंधक काढणारी क्लॉस पद्धत हायड्रोजन जाळून त्याचं पाणी करते, हे तुमचं दुःख रास्त आहे. तरी ती वाफ देते, अखंड चालते, आणि रोज शेकडो टन वायू पचवते. तिला हटवणं सोपं नाही.

प्रश्न : घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीजवळ दोन दिवस सडक्या अंड्यांचा वास येतोय. बॅटरीतल्या गंधकाम्लातून काही निघतंय का? — कोपरखैरणे

हो, आणि हे पत्र सगळ्यात आधी छापायला हवं होतं. बॅटरी जादा चार्ज होऊन तापली आहे. त्यातून हायड्रोजन तर सुटतोच, थोडा हायड्रोजन सल्फाइडही सुटतोय. एका सेलमधून प्रत्येक अँपिअर-तासाला ०.४६ लिटर हायड्रोजन. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल, जादा प्रवाह ५ अँपिअर असेल तर तासाला जवळपास १४ लिटर. कपाटात ठेवलेल्या बॅटरीसाठी हे फार झालं, कारण हवेत ४ टक्के हायड्रोजन पेट घेतो आणि त्याला अगदी बारीक ठिणगी पुरते.

आधी दारं-खिडक्या उघडा. चार्जिंग इन्व्हर्टरच्या मागच्या स्विचनं नव्हे, दूरच्या एमसीबीवरून बंद करा. बॅटरीच्या क्लिप लगेच ओढू नका, तिथेच ठिणगी पडते, तासभर थांबा. देवघर शेजारी असेल तर दिवा विझवा. वास गेल्यावर एकेका सेलचं झाकण उघडून पातळी पाहा. एकाच सेलमधलं पाणी बाकीच्यांपेक्षा खूप आटलेलं असेल तर ती सेल शॉर्ट झाली आहे आणि बॅटरी बदलावी लागेल. सगळ्यांतलं सारखंच आटलं असेल तर दोष इन्व्हर्टरच्या चार्जरमध्ये : पूर्ण चार्ज झाल्यावर टर्मिनलवर १३.५ ते १३.८ व्होल्ट दिसायला हवेत, १५ दिसत असतील तर मेकॅनिकला बोलवा, आणि तोवर वरून पाणी घालून तीच बॅटरी पुन्हा चार्जला लावू नका.